तिसऱ्या ओळीतली माय

नलू, तीन रविवार झाले. रविवारी येते म्हणाली होतीस. तू येते म्हणालीस आणि आली नाहीस, असं आपल्या उभ्या जन्मात झालेलं नाही. उशीर केलास, गाडी चुकवलीस, मूर्तिजापूरला चहासाठी उतरलीस आणि बस तुला टाकून निघाली, हे सगळं झालं. पण संध्याकाळपर्यंत अमरावतीत माझ्या दारात उभी राहून "भाऊ, आधी पाणी दे" म्हणायचीसच. त्यामुळे माझं डोकं अजून कबूल करत नाही. समजावतो मी त्याला. पण गेट वाजलं की उठून बघतो.

विनायकरावांचा फोन शनिवारी सकाळी आला तेव्हा मी दाढी करत होतो. तुझा नवरा एवढंच म्हणाला, "भाऊ, नलू गेली. झोपेतच." आणि मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "अहो, रविवार तर उद्या आहे." तिकडं माणूस रडतोय आणि मी त्याला वार सांगतोय. तसाच अर्ध्या दाढीनं अकोल्याला आलो. सगळं उरकलं, लोक आले, गेले. दुसऱ्या दिवशी तुमच्या ओसरीत बसून मला एकच घोर लागला होता, की अमरावतीला माझ्या घराला कुलूप आहे, नलू आली तर दारातून परत जाईल. हे मी कोणाला बोललो नाही. चोपन्न वर्षांची धडधाकट बाई, ना बीपी ना शुगर, शुक्रवारी शाळा करून घरी येते, भाकर खाऊन झोपते आणि सकाळी उठत नाही. हे काय असतं? डॉक्टरांनी त्याचं काहीतरी नाव सांगितलं. मला ते नाव घेऊन काय करायचं होतं?

मला तुझ्याकडून एकच गोष्ट ऐकायची राहिली. गुरुवारी फोनवर मी तुला सांगितलं, की तू हातानं केलेल्या पुस्तकातल्या एका पानावर मी पेनानं चार ओळी लिहिल्या. तू म्हणालीस, "बरं. रविवारी येते." आपल्यातलं हे शेवटचं बोलणं. त्या "बरं"मध्ये शिवी होती, हसू होतं, की या माणसाला आता काही सांगण्यात अर्थ नाही असं होतं? रविवारी तू काय बोलणार होतीस, नलू? कालपर्यंत मी याच एका प्रश्नाला धरून बसलो होतो. बाकी रडणं वगैरे तोवर नीट झालेलंच नव्हतं.

थोडं मागून सांगू दे. तुला सगळं ठाऊक आहे, पण तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलेला माणूस मी, प्रस्तावनेशिवाय मला पुढं जाता येत नाही.

मोर्शीकडं आपलं भाजीचं वावर. घरात वाचायला म्हणजे एक पंचांग आणि माझी शाळेची पुस्तकं. रंगीत चित्र बघायचं तर बाबांनी आणलेल्या बियाण्याच्या पाकिटावर. पेरणी झाली की ती पाकिटं तू गोळा करायचीस, पाण्यात भिजवून उकलायचीस, माझ्या जुन्या वहीत भाताच्या शितांनी चिकटवायचीस आणि वही माझ्यापुढं आणून टाकायचीस. "भाऊ, खाली लिव." मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठा, म्हणजे आपल्या घरातला महाकवी. मी लिहायचो, "मुळा म्हणे भोपळ्याला, जागा दे रे झोपायला." तू खदखदा हसायचीस. मुळ्याला झोपायला जागा कुठं आहे, हे त्या पाकिटावरच्या चित्रात बोट फिरवून शोधायचीस. मी लिहून मोकळा व्हायचो आणि खेळायला पळायचो. शोधत तूच बसायचीस.

पुढं मी ती वही विसरलो. कॉलेजात वृत्तं शिकलो, मात्रा मोजायला लागलो, कविसंमेलनात शाल मिळायला लागली. माझे दोन कवितासंग्रह निघाले, त्यांच्या बऱ्याचशा प्रती अजून पलंगाखाली आहेत आणि त्या तिथं सुखात आहेत. तू झालीस जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका. अकोल्याहून दर्यापूरच्या रस्त्याला लागलं की आत वळून एक गाव, तिथली दुसरीची मुलं. मी लोकांना सांगायचो, माझी बहीण लहान पोरांना शिकवते. "लहान" या शब्दावर मी कसा जोर द्यायचो ते आता माझं मलाच ऐकू येतं.

आणि मग ते पुस्तक प्रदर्शन. राजकमल चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयात भरलं होतं. मला नवा शब्दकोश बघायचा होता, म्हणून मी तुला ओढून नेलं. तासाभरानं शोधतो तर तू लहान मुलांच्या टेबलामागं चक्क खाली फरशीवर बसलेली, चष्मा कपाळावर, मांडीवर एक पातळसं पुस्तक. लोक तुला ओलांडून जात होते. मला लाज वाटली, खरं सांगतो. म्हणालो, "ऊठ बापा, लोक पाहून राहिले." तू वर न बघता माझा हात धरून मला खाली बसवलंस.

आठ ओळींची कविता होती. एक कोंबडी संध्याकाळी आपली पिल्लं मोजते, सगळी आली म्हणते आणि डालग्याखाली झोपते. पानावर एक ओळ, बाकी सगळं चित्र. मी मिनिटभरात वाचून संपवलं आणि म्हणालो, यात काय आहे? आठ ओळींचं कुठं पुस्तक असतं का? तू म्हणालीस, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. तू म्हणालीस, "भाऊ, तू अक्षरं वाचून राहिला. पान पलटवायची घाई करू नको, चित्र वाच." मी तिसऱ्यांदा वाचलं, एक यमक ढिलं आहे म्हणून सांगितलं आणि उठलो. तुला ते पुस्तक घ्यायचं होतंच, शिवाय त्याच्या शेजारची आणखी चार. बाहेर आल्यावर गिला वडा खाताना तू एका हातानं पुस्तक दह्यापासून लांब धरलं होतंस आणि मी तुला कविता म्हणजे काय यावर व्याख्यान देत होतो. तू मान डोलावत होतीस. माझं ऐकत नव्हतीस, हे मला कळायला हवं होतं.

त्या कोंबडीचं गुपित मला कळलं ते तुझ्या शाळेत. तू मला बालकवितेच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलावलं होतंस. मी हातवारे करून माझी कविता म्हटली. मुलांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या आणि एक पोरगी माझ्यासमोर तोंड उघडून जांभई देती झाली. मग तू खाली बसलीस, पुस्तक काढलंस आणि उलटं धरलंस. म्हणजे तुझ्याकडं त्याची पाठ, मुलांकडं तोंड. कविता तुला पाठ होती, तुला बघायची गरजच नव्हती. एक ओळ म्हणायचीस आणि थांबायचीस. इतकी थांबायचीस की मला वाटायचं, ही पुढचं विसरली, मी सांगू का? सगळी आली, सगळी आली, असं कोंबडी म्हणाली आणि पंचवीस पोट्टे एकदम ओरडले, "नाई आली! एक बाहेर हाय!"

खरंच होतं. प्रत्येक पानावर, कधी खराट्यामागं, कधी बादलीआड, एक पिल्लू मागं राहिलेलं होतं. कोंबडीला दिसत नव्हतं. शब्दांना ठाऊक नव्हतं. मी तीनदा वाचूनही मला दिसलं नव्हतं.

मला काय आलं, तर राग. परतीच्या वाटेवर मी तुझ्याशी भांडलो. जे कवितेत लिहिलेलं नाही ते चित्रात घुसवणं ही फसवणूक आहे, कविता स्वतःच्या पायांवर उभी पाहिजे, तिला चित्राची कुबडी कशाला? तू शांतपणे म्हणालीस, "कुबडी नाई रे भाऊ, फुगडी आहे ते. दोघी लागतात." या एका वाक्यावर आपण पुढं सात-आठ वर्षं भांडलो. दिवाळीत, राखीला, वहिनीच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावरसुद्धा. माझी बायको बिचारी सलाईन लावलेल्या हातानं आपल्याला गप्प करायची. ती गेल्यावर तू दर महिन्या-दोन महिन्यांनी पिशवीत नवी पुस्तकं घेऊन यायचीस, माझ्यासमोर उलटी धरून वाचायचीस आणि मी तोंड वाकडं करायचो.

आता एक कबुली. तुला मी हे कधीच सांगितलं नाही आणि आता सांगून काय उपयोग, पण ऐक. मी ती पुस्तकं विकत घेत होतो, नलू. चोरून. दुकानदाराला सांगायचो, नातवासाठी पाहिजेत. मला मूलच नाही तर नातू कुठला! अकरा पुस्तकं आहेत माझ्याकडं, शब्दकोशांच्या मागं लपवलेली. दुपारी जेवण झालं की दार लावून बघायचो. एकात पावणेदोन ओळींत एक म्हातारा अख्खा दिवस वाट बघतो आणि आपल्याला फक्त त्याची सावली लांब होताना दिसते. मी ते पुस्तक किती वेळा उघडलं असेल. शाल घेतलेल्या माझ्या एकाही कवितेनं मला असं धरून ठेवलेलं नाही. तुझ्यामुळे या वयात मला नवे डोळे आले आणि मी तुला शेवटपर्यंत सांगत राहिलो, की हा पोरखेळ आहे. तू जिंकलीस म्हणायला माझी जीभ रेटली नाही. आता मी म्हणतोय. तू जिंकलीस बाई, कधीचीच.

या दिवाळीत तू तुझं स्वतःचं पुस्तक माझ्या हातात ठेवलंस. ड्रॉइंग शीट कापून, मधोमध जाड दोऱ्यानं शिवलेलं. दोन वर्षं करत होतीस आणि मला पत्ता नाही. दुसरीच्या मुलांना आधी दाखवणार, मग पुढचं पुढं, असं म्हणालीस. आणि बजावलंस, "भाऊ, फक्त पाह्य. काई करू नको." सहा ओळींचं पुस्तक. एक लहान पोरगी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाण्याची बाटली घेऊन बसलीय आणि माय कापूस वेचतेय.

धुऱ्यावर मी, वावरात माय,
मी मोजते ओळी, माय मोजते काय?
पहिल्या ओळीत दिसली माय,
दुसऱ्या ओळीत दिसली माय,
तिसऱ्या ओळीत...

इथं पान उलटलं की समोरासमोरची दोन्ही पानं पांढरी. एकही शब्द नाही. पेन्सिलीचे काही फिकट ठिपके, कुठं बोंडाची रेघ, बस. त्यापुढच्या पानावर शेवटची ओळ, "चाल घरी," म्हणते माय.

मी ते पहिल्यांदा वाचलं आणि पुस्तक पटकन मिटून ठेवलं. आनंद नव्हता तो. हेवा होता. आपल्याच वऱ्हाडी बोलीत, घरातल्या शब्दांत, सहा ओळींत तू जे केलं होतंस ते मला दोन संग्रहांत जमलं नव्हतं. नलूला जमलं! भाऊ, खाली लिव म्हणणाऱ्या नलूला! पंधरा दिवस ते पुस्तक माझ्या टेबलावर होतं आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालत होतो. तिसऱ्या ओळीत काय? वाक्य अर्धवट, यमक लटकलेलं, पुढं दोन पानं कोरी. बाईचं कडवं राहिलंय, मी ठरवलं. दोन वर्षं एवढी मेहनत केली आणि ऐनवेळी सुचलं नाही, मोठ्या भावाचं कर्तव्य आहे. पेन उघडलं आणि त्या पांढऱ्यावर मधोमध, दोन ओळी डाव्या पानावर आणि दोन उजव्या, मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलं:

शुभ्र धवल त्या सागरलाटा,
कापूसरूपी मायेच्या वाटा,
शोधित फिरतो बालजीव हा
मातृत्वाचा अथांग साठा!

शुभ्रही आणि धवलही. वऱ्हाडात समुद्र. आणि शेवटी उद्गारचिन्ह. हा माणूस तीस वर्षं मराठी शिकवत होता.

लिहून झाल्यावर मला इतकं बरं वाटलं की त्याच गुरुवारी संध्याकाळी मी तुला फोन केला. तुझं एक पान राहून गेलं होतं, मी भरून टाकलं, असं सांगितलं. तू विचारलंस, "पेनानं?" म्हणालो, मग काय कोळशानं? मग तू विचारलंस, "डाव्या पानावर का उजव्या?" मला त्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. म्हणालो, दोन्हीवर, मधोमध, ऐसपैस. तुझ्याकडं कुठंतरी कुकरच्या शिट्ट्या वाजत होत्या, त्या मी मोजल्या. मग ते "बरं" आणि "रविवारी येते". शुक्रवारी मी कट्ट्यावरच्या आमच्या कविमंडळींना सांगितलं, की धाकट्या बहिणीच्या पुस्तकात एक कडवं घातलं तर ती निःशब्द झाली. छाती फुगवून सांगितलं. त्यातल्या दोघांनी मला तिथल्या तिथं ते म्हणून दाखवायला लावलं आणि मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस.

तेरवी झाल्यावर मी अमरावतीला परतलो. सकाळी गॅलरीत ऊन आलं होतं, तिथं खुर्ची टाकून बसलो आणि पुस्तक काढलं. वाचायला नाही, तुझा हात त्या कागदावरून फिरला होता म्हणून. आणि उन्हात ती दोन पानं तिरपी धरली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, नलू, की ती कोरी नव्हतीच. सगळं वावर होतं तिथं. पांढऱ्यावर पांढरं, पेन्सिलीचं टोक इतकं हलकं फिरवलेलं की बोंडं नुसती जाणवावी. ज्यानं पान उलटलं त्यानं आता त्या धुऱ्यावरच्या पोरीसारखं मायला शोधायचं होतं. म्हणून शब्द नव्हते. मी शोधायला लागलो. डावं पान सगळं बघितलं. उजव्या पानावर आलो. भिंग आणलं.

ती उजव्या पानावर होती. वाकलेली, पाठमोरी, अंगठ्याच्या नखाएवढी. साडीवर पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, कापसाची बोंडं हाताला ओरबाडतात म्हणून वेचणीच्या बाया घालतात तसा. उजव्या खांद्यावर चौकोनी ठिगळ. ते ठिगळ मी ओळखतो. तो बाबांचा शर्ट. आपली भाजी कमी आली की माय लोकांच्या वावरात वेचायला जायची, तेव्हा मी मोर्शीला शाळेत असायचो आणि तू धुऱ्यावर. ती आपली माय होती, नलू. आणि तिच्यावरून, खांद्यापासून कमरेपर्यंत, माझ्या वळणदार अक्षरातलं "मातृत्वाचा" गेलं होतं.

डाव्या पानावर का उजव्या, हे तू का विचारलं होतंस ते मला तेव्हा कळलं. मी खुर्चीतच बसून राहिलो. ऊन गॅलरीतून निघून गेलं, कामवाली बाई येऊन बेल वाजवून परत गेली. तू गेल्याचा फोन आला तेव्हाही मी असा हबकलो नव्हतो. तुला त्या क्षणी फोनवर कळलं होतं, की भावानं मायला गिरगटून टाकलं. आणि तू त्या माणसाला "बरं" म्हणालीस.

पुस्तक कपाटात टाकून कुलूप लावावं असंच मनात होतं. पण रविवारी विनायकरावांचा फोन आला. तुझ्या वर्गावर आता नवीन मॅडम आल्या आहेत. मुलं त्यांना रोज विचारतात, आमच्या मॅडमचं पुस्तक कुठं आहे, त्या दाखवणार होत्या. विनायकराव म्हणाले, भाऊ, तुमच्याकडंच आहे ना ते? मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार?

काल सोमवारी गेलो. अकोल्यापर्यंत बस, पुढं दर्यापूरच्या जीपमध्ये दाटीवाटीनं, मांडीवर तुझं पुस्तक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणी चाललेली. मी खिडकीतून बायांच्या पाठी बघत होतो. सगळ्या शर्ट घातलेल्या.

तुझी मुलं खाली बसली होती. मी खुर्ची बाजूला सारली आणि खाली बसलो, गुडघे वाजले. पुस्तक उलटं धरलं, तुझ्यासारखं. मला कविता पाठ होती. एक ओळ म्हणायचो आणि थांबायचो. थांबणं किती कठीण असतं ग ते. पहिल्या ओळीत माय दिसल्यावर मुलांनी बोटानं दाखवली. दुसऱ्या ओळीत दाखवली. "तिसऱ्या ओळीत," मी म्हणालो आणि माझ्या हातून पान उलटेना. समोरची मुलं गुडघ्यांवर उठून पुढं आली होती. मी उलटलं.

ती शोधायलाच लागली नाहीत, नलू. ती वाचायला लागली. शु-भ्र, ध-व-ल, त्या, सा-ग-र. दुसरीची मुलं, समोर अक्षर आलं की वाचणारच, तूच शिकवलेली. चार ओळी त्यांनी कशाबशा लावल्या, कोणाला काही कळलं नाही, आणि दोन पोरं मागं भिंतीला टेकून बसली. माझं कडवं त्या वर्गात पडलं तसं उभ्या महाराष्ट्रात कुठल्या संमेलनात पडलं नसेल.

पुढं बसलेली एक पोरगी तेवढी पानावरून नजर काढत नव्हती. तिचं नाव समीक्षा. माझ्या कवितेच्या वाट्याला आलेली पहिली समीक्षा.

"सर, हे कोनं लिवलं इथी?" तिनं विचारलं.

सांगता आलं असतं काहीही. मी म्हणालो, "मी."

"मॅडमले इचारलं होतं काय?"

"नाही."

ती उठली, नव्या मॅडमच्या परवानगीची वाट न बघता तुझ्या कपाटाशी गेली आणि एक मोठा खाकी लिफाफा घेऊन आली. मग सगळे एकदम बोलायला लागले आणि त्या गलक्यातून मला हळूहळू कळलं. शुक्रवारी तू वर्गात आलीस ती गप्प. हजेरी घेतलीस, फळ्यावर तारीख लिहिलीस, गप्पच. मुलं घाबरली. मग तू टेबलावर बसलीस आणि त्यांना सांगितलंस, की माझ्या भावाला एक पान दिलं होतं, त्यानं त्यावर इतकं लिहिलं, इतकं लिहिलं, की त्यात माय हारपली. आणि सांगताना तुला हसू फुटलं. समीक्षा म्हणाली, मॅडम एवढ्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. का हसतात ते मुलांना समजलं नाही, पण तीही हसली. मग तू सगळ्यांना चिठोऱ्याएवढे कागद वाटलेस.

"मॅडम म्हनल्या, आपन सगळ्याइच्या माया धाडू तिले शोधाले," समीक्षानं सांगितलं. "आपापल्या मायची पाठ काढा. रविवारी भाऊच्या घरी नेतो अन् त्याच्याच हातानं चिकटवून घेतो."

तर हे तू बोलणार होतीस. शुक्रवारी तुझ्याकडं हे सगळं तयार होतं. मी इकडं कट्ट्यावर शुभ्र धवल म्हणत होतो तेव्हा तू तिकडं माझ्यासाठी बावीस माया गोळा करत होतीस, आणि तुझ्याकडं एक दिवस उरला होता. मला तिथंच, मुलांच्या देखत, रडू आलं. बघायला पाहिजे होतंस, शाल मिळालेला कवी भुईवर बसून हुंदके देतोय. मुलांनी थोडा वेळ बघितलं आणि मग एकानं डिंकाची बाटली आणली, कारण काम पडलं होतं.

लिफाफ्यात बावीस पाठी होत्या. भाकरी थापणारी, धुणं धुणारी, निंदण करणारी, शिलाई मशीनवर बसलेली. एकाची माय स्कूटीवर, पाठीला दप्तर अडकवलेलं लेकरू. एकीची माय नुसतीच झोपलेली, कुशीवर. मुलं कागद कापत होती, मी डिंक लावत होतो आणि ती सांगतील तिथं चिकटवत होतो. सागरलाटा गेल्या. बालजीव गेला. शेवटी एक शब्द उरला, "मातृत्वाचा". मी तो मुद्दाम ठेवला नव्हता, माया संपल्या.

समीक्षानं वहीचं एक पान फाडलं, त्याचा चिठोरा केला आणि पेन्सिलीसकट माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, मला चित्र येत नाही, बाई. आयुष्यात काढलेलं नाही.

"पाठच तं काढाची हाय," ती म्हणाली. "तोंड काहाले पायजे."

मी काढली, नलू. बाबांचा शर्ट, वाकलेली माय. कॉलर जमली नाही, हात एक लांब एक आखूड झाला. खांद्यावरचं ठिगळ मात्र नीट चौकोनी आलं. समीक्षानं मागून डिंक लावला आणि विचारलं, कुठी लावाची? मी त्या उरलेल्या शब्दावर बोट ठेवलं.